जुना ट्रॅक्टर, नवा रंग आणि विकणाऱ्याची नियत

रंग ही मोठी चमत्कारिक चीज आहे. तो लोखंडाला गंजापासून वाचवतो, भिंतीला पावसापासून वाचवतो. आणि तोच रंग, तोच ब्रश, तोच कारागीर गंज आणि ओल दुसऱ्याच्या नजरेपासून वाचवण्याचेही काम करतो. पहिल्या कामाला आपण निगा म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणायचे, यावरून २०२४ साली आमच्या घरात तीन महिने वाद चालला. निमित्त होते अब्बांच्या जुन्या ट्रॅक्टरचे. वाद घरगुती असला तरी प्रश्न आमच्यापुरता नाही, म्हणून तो येथे मांडतो आहोत.

आम्ही म्हणजे सीवूड्सला राहणारे दोघे भाऊ आणि आमची बायकामुले. थोरले भाईजान गावी, उदगीर तालुक्यात, शेती सांभाळतात. अब्बांनी १९८६ साली एक वापरलेला महिंद्रा बी-२७५ घेतला. मराठवाड्यात वाढलेल्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. लाल बोनेट, पस्तीस हॉर्सपॉवर, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, पुढे जायला आठ गिअर आणि मागे यायला दोन. त्या ट्रॅक्टरने आमची चौदा एकर नांगरली, भाड्याने इतरांची कितीतरी नांगरली, आणि त्या भाड्याच्या पैशावर आम्हा दोघांची शिक्षणे झाली. अब्बा गेले. भाईजानांचे गुडघे गेले. जमीन बटईने दिली आणि ट्रॅक्टर लिंबाखाली उभा राहिला तो चार वर्षे उभाच.

विकायचे ठरले तेव्हा भाईजानांनी एका ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. चार वर्षे उभ्या राहिलेल्या यंत्राला आधी आंघोळ लागते. डिझेलने धुऊन वर्षांची मळी काढली, तारेच्या ब्रशने गंज खरवडला. टाकीच्या तळचा गाळ काढला, फिल्टर बदलले, नोझल साफ करून घेतले, इंजिनाचे ऑइल बदलले, सेल्फ दुरुस्त केला, नवी बॅटरी टाकली. मडगार्डचा कुजलेला पत्रा कापून तेथे नवा जोडला. मग पत्र्यातले खड्डे लांबीने भरले, पॉलिश पेपरने घासून सपाट केले, रेड ऑक्साइडचे अस्तर दिले आणि ते वाळल्यावर कंप्रेसरच्या गनने लाल रंगाचे दोन हात मारले. मिस्त्रींचे एक म्हणणे आम्हाला फार आवडले. अस्तराशिवाय रंग मारला तर पहिले काही महिने दोन्ही सारखेच दिसतात, पावसाळा झाला की एकाचे पोपडे निघतात. त्यांनी अस्तर दिले होते. ते कामचुकार नव्हते.

या सगळ्याला बावीस हजार रुपये लागले. फोटो आमच्या मोबाइलवर आला तेव्हा सीवूड्सच्या घरात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. अब्बांनी घेतला तेव्हाही तो इतका झळझळीत नव्हता.

आता अडचणीची गोष्ट. २०१३ सालच्या उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी रेडिएटरची नळी फुटली, पाणी गेले, इंजिन तापले आणि बिडाच्या ब्लॉकला डाव्या अंगाने वीतभर चीर गेली. नवा ब्लॉक घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती. चीर वेल्डिंगने जोडून घेतली. बिडाचे वेल्डिंग म्हणजे नाजूक काम. बीड ठिसूळ असते, ते एकदम तापले किंवा एकदम निवले की जोडाच्या शेजारी पुन्हा तडकते. म्हणून ते आधी सावकाश तापवतात, निकेलच्या कांडीने थोडे थोडे जोडतात आणि राखेत वा वाळूत हळूहळू निवू देतात. आमचा सांधा त्यानंतर टिकला, यात शंका नाही. पण तो टिकला तो हलक्या कामावर. त्या वर्षापासून अब्बांनी त्याला खोल नांगरटीला लावले नव्हते. फोटोत ब्लॉक एकसंध दिसत होता. सांध्यावरून रंगाचे दोन हात फिरले होते.

आणि गिऱ्हाईक होते शेजारच्या गावचे एक तरुण पोर. पाच एकर कोरडवाहू जमीन. त्याला ट्रॅक्टर हवा होता तो दुसऱ्यांची नांगरट भाड्याने करण्यासाठी. म्हणजे नेमके तेच काम, जे हा सांधा सोसेल की नाही याची अब्बांना खात्री नव्हती. बायकोचे दागिने मोडून त्याने निम्मी रक्कम उभी केली होती, बाकीची सोयाबीन निघाल्यावर देणार होता. त्याचे वडील आणि आमचे अब्बा यांचा घरोबा होता. ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा जाई, दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचे ताट येई. त्या पोराने इंजिन सुरू करून ऐकले, धूर पाहिला, टायर पाहिले. ब्लॉकबद्दल त्याने काही विचारले नाही. रंगवलेल्या ब्लॉकबद्दल कोण काय विचारणार?

आमच्यापैकी धाकट्याचे म्हणणे असे पडले की, आपण खोटे तर काही बोललो नाही. त्याने विचारले असते तर सांगितले असते. जुनी वस्तू घेणाऱ्याला ती जुनी आहे हे माहीत असते. बाजार असाच चालतो.

हे म्हणणे वरवर वाटते तितके लटके नाही. देशाचा कायदाही काही अंशी त्याच्या बाजूने उभा राहतो. १८७२च्या करार कायद्यातल्या सतराव्या कलमाला काही उदाहरणे जोडलेली आहेत. ती ज्याने लिहिली त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असावी. एक माणूस दुसऱ्याला लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचे उदाहरण त्याच घोड्याचे, फक्त घेणारी आता विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणखी पुढे, घेणारा म्हणतो की तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, आणि विकणारा गप्प बसतो. तेथे गप्प बसणे हेच बोलणे होते.

घोडा तोच, खोट तीच, गप्प बसणेही तेच. फरक पडला तो घेणारा आपला कोण लागतो यामुळे. आमच्या घरातला वाद खरे तर याच वळणावर अडकला. ते पोर आमचे कोण लागत होते? परका म्हणावे तर शीरखुर्म्याचे नाते होते. आपला म्हणावे तर धाकटा म्हणाला, तो काही आपल्या घरातला नाही.

पण त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे, आणि ते रंगाविषयी आहे असे आम्हाला वाटते. ज्याला एखादी गोष्ट माहीत आहे त्याने ती कृतीने झाकली, तर ती फसवणूक. गप्प बसणे वेगळे आणि झाकणे वेगळे. घोड्याबद्दल तोंड मिटून बसणारा एकीकडे, लंगड्या पायावर कातडी पट्टा बांधून त्याला बाजारात उभा करणारा दुसरीकडे. आता रंग कोणत्या बाजूला धरायचा? मिस्त्रींनी सांधा झाकायचा म्हणून ब्लॉक रंगवला नव्हता. ट्रॅक्टर रंगवायचा म्हणून ब्लॉकही रंगवला. गन फिरली, तिच्या वाटेत सांधा आला. हेतू झाकण्याचा नव्हता. पण ज्या क्षणी आम्ही तो फोटो पाहिला आणि आमच्या ध्यानात आले की आता सांधा दिसत नाही, त्या क्षणापासून तो रंग निष्पाप राहिला नाही. आधी तो निगेचा रंग होता. आता तो न पुसता सौदा केला तर तो झाकण्याचा रंग होणार होता. रंगात बदल काहीच नाही, माहिती बदलली.

आपल्या वाचकांना येथे धान्याच्या ढिगाची हकीकत आठवली असेल. बाजारात प्रेषितांनी ढिगात हात घातला, आत बोटांना ओल लागली, व्यापारी म्हणाला पावसाने भिजले. तेव्हा ती ओल वर का ठेवली नाहीस, असे त्यांनी विचारले. ही हकीकत आपण मशिदीत इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातली एक बारीक गोष्ट निसटून जाते. धान्य भिजवले पावसाने, व्यापाऱ्याने नव्हे. दोष त्याने केला नव्हता, जसा आमच्या ब्लॉकचा दोष मिस्त्रींनी केला नव्हता. त्याला विचारले गेले ते फक्त वर काय ठेवलेस आणि खाली काय ठेवलेस एवढेच. आणि घेणारा त्याचा कोण लागत होता, हे हकीकत सांगतच नाही. करार कायद्याला मुलगी लागली, येथे कोणीही चालतो.

फिकहमध्ये या प्रश्नाला खियार-ए-ऐब असे नाव आहे. मालात लपलेला दोष निघाला तर सौदा मोडण्याचा घेणाऱ्याला हक्क. इमाम गझालींनी तर व्यापाराच्या प्रकरणात दिसणारे आणि न दिसणारे सगळेच दोष विकणाऱ्याने आपणहून सांगावेत असे बजावले आहे. इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात कापडाचे व्यापारी. त्यांच्याबद्दल सांगितले जाते की, एका सदोष कापडाची खोट गिऱ्हाइकाला सांगून विका असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला, गिऱ्हाईक निघून गेले, सापडेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी किंमत खैरात केली. फक्त दोषापुरती नव्हे, सगळी. आमच्या धाकट्याने हे ऐकून विचारले की, आणि धंदा कसा चालायचा? प्रश्न रास्त आहे. त्यांचा तर चालला, एवढेच उत्तर आमच्याकडे होते.

भाईजानांचे म्हणणे मात्र वेगळ्याच बाजूचे होते, आणि त्याने आम्हाला जास्त अडचणीत टाकले. सांधा सांगायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती आमच्यापैकी एकाने, म्हणजे मधल्याने, सुचवलेल्या उपायाला. मधला म्हणाला होता, इतका रंग काढलाच कशाला? जसा होता तसा, गंजासकट विकला असता तर प्रश्नच आला नसता. भाईजान तापले. म्हणाले, ‘‘माणूस मयत झाला तर आपण त्याला गुस्ल देतो, कोरे कफन घालतो, कापूर-अत्तर लावतो. मग आपण काय त्याचे म्हातारपण लपवतो? ज्या चीजेने आपल्याला खाऊ घातले ती दारातून जाताना घाणेरडी का जाईल?’’

यावर काय बोलणार? मयताला आपण विकत नाही, असे उत्तर देता आले असते, पण ते उद्धट झाले असते आणि अपुरेही. भाईजानांना जे म्हणायचे होते ते खरेच आहे. दुरुस्ती ही कृतज्ञता असू शकते. गंज म्हणजे प्रामाणिकपणा आणि रंग म्हणजे ढोंग, ही शहरी समजूत आहे. जुन्या वाड्यांचे उडालेले पोपडे ज्यांना सुंदर वाटतात त्यांना त्या वाड्यात पावसाळा काढायचा नसतो. गंज हा लोखंडाचा खरा चेहरा नव्हे, तो त्याचा रोग आहे.

सीवूड्समध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. खाडीची खारी हवा खिडकीच्या गजांना वर्षभर चाटत असते. आमचा फ्लॅट आम्ही विकत घेतला तो डिसेंबरात. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, फिकट बदामी, घरभर ताज्या रंगाचा वास. पुढच्या जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर हातभर ओल उमटली आणि रंगाखालून आधीच्या मालकाने भरलेली जुनी भेग दिसू लागली. आधीच्या मालकाने खोटे काही सांगितले नव्हते. आम्ही विचारले नव्हते. त्या भिंतीवर आम्ही आजवर तीनदा खर्च केला आहे. ट्रॅक्टरच्या वादात घरातल्या बायकांनी ही भिंत दाखवली तेव्हा धाकटा काही काळ तरी गप्प झाला. तो ढीग धान्याचा होता, हा विटांचा.

आमच्या वस्तीचे नावच मुळी रंगाचा एक हात आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. करावे आणि दारावे ही त्यातलीच. भातशेती आणि मिठागरे होती तेथे आज पाम बीच रस्ता आणि मनोरे आहेत. मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या सगळ्यावर सीवूड्स हे समुद्र आणि वनराईचे गोड इंग्रजी नाव चढले. पण रेल्वे स्टेशनच्या नावात सीवूड्सला जोडून दारावेही आहे. अर्धे नवे, अर्धे जुने. रोज तिकडून जाताना फारसे कोणी ते वाचत नाही, तरी ते लिहिलेले आहे हे महत्त्वाचे वाटते. रंग दिला, पण एक चौकोन मोकळा ठेवला.

असाच एक मोकळा चौकोन आमच्या ट्रॅक्टरच्या कंपनीच्या इतिहासातही आहे. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरे तीच राहिली. आपल्यातल्या काहींना ही गोष्ट ऐकून हळहळ वाटते, काहींना उगीच अभिमान वाटतो. आम्हाला तिच्यातले वेगळेच महत्त्वाचे वाटते. नाव बदलले, बदलायला कारण होते. पण कंपनी स्वतःच्या इतिहासात पहिले नाव सांगते, खरवडून टाकत नाही. आणि बी-२७५ तरी मूळचा कोठला? इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीचा, तिच्या ब्रिटनमधल्या कारखान्यातला आराखडा. महिंद्रांनी तिच्याशी भागीदारी करून साठच्या दशकात तो मुंबईत बनवायला घेतला. ज्या लाल रंगाला आम्ही अस्सल म्हणत होतो तोही हार्वेस्टरने १९३६ साली घेतलेला. त्याआधी त्यांचे ट्रॅक्टर करड्या रंगाचे असत.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत थीसियसच्या जहाजाचा प्रश्न असतो. एकेक फळी कुजली तशी बदलत गेले, शेवटी एकही जुनी फळी उरली नाही, तर जहाज तेच का? हॉब्जने त्यात भर घातली की, काढलेल्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? उदगीरच्या मिस्त्रींना हा प्रश्न घातला तर ते हसतील. त्यांच्या लेखी उत्तर सोपे आहे, चेसिस नंबर. आरसी पुस्तकावर तोच असतो. पण त्या सोप्या उत्तरात एक गोष्ट आहे. वस्तू तीच की दुसरी, याची चिंता मालकाला. घेणाऱ्याला चिंता एवढीच की ती ओढेल का.

मिस्त्रींची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणाले, ‘‘मी रंग मारतो. सौदा मी करत नाही.’’ आपल्या समाजातली किती घरे या धंद्यावर चालतात हे वाचक जाणतात. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने नोंदवले तसे मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या हातच्या धंद्यात जास्त, आणि गाड्यांची दुरुस्ती हा त्यातला एक. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, बँकेची पत नाही, त्याच्याकडे शब्द असतो. अमुक मिस्त्रीने इंजिन पाहिले आहे, एवढ्या शब्दावर जुन्या ट्रॅक्टरचा सौदा होतो. म्हणून तासांचा मीटर मागे फिरवून देणारा मिस्त्री एका गिऱ्हाइकाला फसवतो असे नाही. शेजारच्या टपरीतल्या दहा प्रामाणिक मिस्त्रींच्या शब्दाचा भावही तो पाडतो. मालक सांगेल ते करणे हे कारागिराचे काम, हे आम्हाला मान्य आहे. पण सांधा कोठे आहे हे घेणाऱ्याने विचारले तर मिस्त्रीने मालकाच्या तोंडाकडे पाहू नये. आमच्या मिस्त्रींनी पाहिले नाही. पुढची गोष्ट त्यांच्याच हातून झाली.

भाईजानांनी पोराला बोलावले. मिस्त्रींनी थिनरचा बोळा घेऊन ब्लॉकच्या डाव्या अंगाचा रंग पुसला आणि बॅटरीच्या उजेडात सांधा दाखवला. खोल नांगरटीला अब्बा लावत नसत, हेही सांगितले. किंमत पंचवीस हजारांनी उतरली. पोराने दोन दिवस मागून घेतले, दुसऱ्या एका मिस्त्रीला आणून दाखवले आणि मग घेतला. भाड्याची नांगरट करायचा बेत त्याने सोडला. ट्रॉली, पेरणी आणि कोळपणीवर तो चालवेल. एक प्रश्न बोनेटवरच्या ७८६चा होता. नव्या रंगात आम्ही तो आकडा लिहू दिला नव्हता, दुसऱ्याच्या गाडीवर आपल्या श्रद्धेची खूण कशाला म्हणून. पोरानेच तो पुन्हा काढून घेतला. त्याचे कारण सरळ व्यवहाराचे होते. पंचक्रोशीत तो ट्रॅक्टर त्याच आकड्याने ओळखला जातो, काम त्याच नावाने येते. आकड्याच्या शेजारी त्याने आपल्या कुलदैवताचे नाव लिहिले.

आरटीओच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्ममध्ये दोष लिहायला रकाना नाही. म्हणून भाईजानांनी वेगळ्या कागदावर लिहिले. ब्लॉकच्या डाव्या बाजूस वेल्डिंगचा सांधा आहे, तो घेणाऱ्यास दाखवला आहे, बाकी रक्कम अमुक, सोयाबीन निघाल्यावर. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा हा तर सूरे बकराचाच आदेश. साक्षीला मिस्त्रींची आणि पोराच्या चुलत्याची सही.

पंचवीस हजार फुकट गेले, असे धाकटा अजून म्हणतो. आम्ही त्याला समजावणे सोडले आहे. हिशेबाने तो बरोबरही आहे. २०२४च्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकले गेले. पोर दिवाळीनंतर घरी आले, निम्मी बाकी दिली आणि उरलेली तूर निघाल्यावर देतो म्हणाले. भाईजानांनी पेटीतून तो कागद काढला, जुन्या तारखेवर रेघ मारली आणि खाली नवी घातली. मार्चची.